नोकरीचा खेळ आणि खेळातली नोकरी

एखाद्या मालिकेचा स्वभाव ओळखायचा असेल, तर तिच्या प्रारंभीचे संगीत लक्षपूर्वक ऐकावे. ८ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या 'द अप्रेंटिस' या मालिकेने शीर्षकगीत म्हणून ओ'जेज या गायकवृंदाचे १९७३ सालचे एक गाणे घेतले. पैशापायी माणूस कोणत्या थराला जातो, हे सांगणारे ते गाणे. त्याच्या नावातच संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा प्रतिध्वनी आहे. धनलोभाविषयीचा तो इशारा आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. मालिकेत मात्र त्या गाण्याचे गांभीर्य विरून जाते. उरतो तो ठेका, आणि पैशाचा पुनःपुन्हा होणारा उच्चार. इशाऱ्याचे आमंत्रण झाले, असे आम्हांस वाटते.

मालिकेची रचना सोपी होती. सोळा उमेदवार, आठ पुरुष आणि आठ स्त्रिया. त्यांचे दोन गट पाडायचे आणि प्रत्येक भागात त्यांना एक कामगिरी द्यायची. पहिली कामगिरी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लिंबाचे सरबत विकण्याची होती. हरलेल्या गटाने डोनाल्ड ट्रम्प यांच्यासमोर बसायचे आणि त्यांतील एकाने घरी जायचे. शेवटपर्यंत टिकणाऱ्यास ट्रम्प यांच्या एखाद्या उद्योगात वर्षभराची, अडीच लाख डॉलर पगाराची नोकरी. निर्माते मार्क बर्नेट यांनी त्यापूर्वी 'सर्व्हायव्हर' ही निर्जन बेटावरील स्पर्धा अमेरिकेत लोकप्रिय केली होती. त्यांनी बेटाच्या जागी महानगर आणले. उपासमारीच्या जागी बेकारीचे भय आणले.

आता या खेळाचे गुण आधी सांगू. टीकाकाराने गुणांची वाट टाळू नये. २००५ साली बीबीसीने अॅलन शुगर यांना घेऊन काढलेली ब्रिटिश आवृत्ती आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. तिथे प्रोकोफिएव्हच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील, दोन वैरी घराण्यांचे करडे संगीत वाजते आणि पुढील तासाभराचे वातावरण अचूक सांगून जाते. व्यापारातील साधी सत्ये तिथे उघडी पडतात. २००८ च्या मालिकेत सुशिक्षित, उंची पोशाखातील तरुण मासळी विकायला बसले आणि शेवंड अगदी किरकोळ भावात देऊन मोकळे झाले. आपल्या किनाऱ्यावरील कोणतीही कोळीण ते दृश्य पाहून पदरात तोंड लपवून हसली असती. पदवी आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे असे हसत शिकणे वाईट नाही.

परंतु त्याच २००८ च्या मालिकेने दुसराही धडा दिला. त्या वर्षीच्या विजेत्याने आपल्या अर्जात विद्यापीठातील शिक्षणाचा काळ फुगवून लिहिला होता. मुलाखतीच्या भागात ती लबाडी पकडली गेली, कबूल झाली, आणि तरीही नोकरी त्यालाच मिळाली. क्षमा ही मोठी गोष्ट आहे, हे आम्ही जाणतो. पण क्षमा आणि बक्षीस यांतील अंतर मालिकेने पुसून टाकले. आपल्या घरातील मुलगा अर्ज लिहावयास बसतो तेव्हा हे अंतर त्याला कोणी समजावून सांगावे?

दुसरा आक्षेप न्यायाविषयीचा आहे. काम मोजले जाते, हरणारा जातो, अशी या खेळाची प्रतिज्ञा. तथापि २०१९ च्या जानेवारीत 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने छापलेल्या एका दीर्घ लेखात मालिकेच्या संकलकानेच सांगितले, की ट्रम्प यांचा निर्णय पुष्कळदा घडलेल्या कामाशी जुळत नसे. मग संकलकांना मागे जाऊन चित्रीकरणातून असे तुकडे शोधावे लागत, की ज्यांमुळे काढलेला उमेदवार काढण्याजोगाच दिसेल. म्हणजे शिक्षा आधी आणि अपराध मागाहून. ज्या माणसाने बरे काम केले, त्याला कात्रीने नालायक ठरविणे ही साधी नाट्यमयता नव्हे. तो एका जिवंत माणसाविषयी लक्षावधी लोकांपुढे दिलेला असत्य दाखला होय.

दाखला देणाऱ्याचेही चित्र असेच रंगविलेले होते. पडद्यावर ट्रम्प अचूक निवाडा करणारे उद्योगपती दिसत. त्याच २००४ सालच्या नोव्हेंबरात त्यांच्या जुगारगृहांच्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला होता. २०१६ आणि २०२४ साली अमेरिकन मतदारांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले. त्या निवडीची कारणे अनेक असतील, पण निवाड्याच्या खुर्चीतील ती प्रतिमा या मालिकेने घराघरांत पोहोचविली, हे नाकारता येत नाही.

आणि जिंकणाऱ्याला खरोखर काय मिळते? २०१० च्या ब्रिटिश मालिकेच्या विजेत्या स्त्रीने पुढे न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. आपल्याला मिळालेल्या पदात खरे काम नव्हते, असे तिचे म्हणणे होते. २०१३ साली तिचा दावा फेटाळला गेला, हेही नमूद केले पाहिजे. पण २०११ पासूनच ब्रिटिश मालिकेतून नोकरी हे बक्षीस काढून टाकण्यात आले आणि त्याजागी अडीच लाख पौंडांची भागीदारी आली. त्या वर्षी जिंकला तो नखे घासण्याच्या वक्र कानशीचा संशोधक. बहुतेक कामगिऱ्यांत तो हरलेल्या गटात होता! म्हणजे आठवड्यामागून आठवडे चाललेली ती परीक्षा मुळात कशाची होती, हा प्रश्न मालिकेनेच उभा केला.

खरी बेकारी पडद्यावर आली की काय होते, तेही पाहू. अर्जेंटिनात २००२ साली दर पाच कामगारांमागे एकाहून अधिक बेकार असताना 'रेकुर्सोस उमानोस' नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात दोन बेकार माणसे एकाच नोकरीसाठी समोरासमोर येत आणि नोकरी कोणाला, ते प्रेक्षक ठरवीत. अमेरिकेतही २०१० साली मंदीचा तडाखा बसलेल्या सामान्य माणसांना घेऊन 'द अप्रेंटिस'ची एक मालिका झाली. तिला प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच मिळाला. पुढील वर्षी पुन्हा नामवंत मंडळी परतली. गरज खेळातली असेपर्यंत गोड लागते. ती खरी झाली, की प्रेक्षक नजर वळवितो.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. एका नातलगांच्या घरी आम्ही ब्रिटिश मालिकेचा एक भाग पाहत होतो. काढलेला उमेदवार बॅग ओढीत बाहेर आला आणि टॅक्सीत बसून कॅमेऱ्याशी बोलू लागला. मुले हसत होती. घरातील वडीलधारे गृहस्थ मात्र निमूटपणे उठून ओटीवर गेले. कारखाना बंद पडला त्या दिवशी ते डबा घेऊन तसेच परतले होते आणि तीन दिवस त्यांनी घरी काहीच सांगितले नव्हते, हे मुलांना ठाऊक नव्हते. त्या संध्याकाळी ते त्यांना प्रथम कळले. दूरदर्शन संच कोणी बंद केला, ते आम्हांस आठवत नाही.

या मालिका पाहू नयेत, असा उपदेश आम्ही करणार नाही. मुले त्या पाहणारच; आपल्याकडेही डिसेंबर २०२१ पासून उद्योजकांना गुंतवणूकदारांसमोर उभे करणारा 'शार्क टँक इंडिया' आवडीने पाहिला जातो. आम्ही इतकेच सुचवू, की मुलांसोबत बसून पाहावे. भाव चुकला कुठे, हिशेब फसला कसा, ते बोलावे. आणि कोणी बॅग उचलून दाराबाहेर पडला, की त्याच्या घरी आज काय बोलणे होईल, हेही एकदा विचारावे. कॅमेरा ते दाखवीत नाही. आपल्या घरांत मात्र ते ठाऊक असलेले एखादे माणूस बहुधा शेजारीच बसलेले असते.