भूपातला न गायलेला गंधार

किशोरी आमोणकरांचा भूप ऐकायला बसावं आणि त्यांचा पहिला षड्ज लागण्याआधी, नुसते तानपुरे झंकारत असतात तेवढ्या अवधीत, आपण कान खर्जाच्या तारेवर ठेवावा. तार छेडली की आधी तिचा सा भरून येतो, आणि तो ओसरू लागला की त्याच्या पोटातून एक गंधार अलगद वर येतो. कुणी गायलेला नाही, कुणी छेडलेला नाही, त्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणून आपोआप जन्मलेला. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता भूपाचा वादी स्वरही गंधारच. म्हणजे रागाचा प्राण गायिकेच्या आधी तानपुऱ्याने उच्चारून ठेवलेला असतो, आणि पुढे किशोरीताई सावकाश चढत आपल्या गंधारावर विसावतात तेव्हा कंठातला आणि तारेतला असे दोन गंधार एकमेकांत विरघळून एक झळाळी उमटते. सीडी बरी की मोबाइलवर उतरणारं संगीत बरं, हा वाद आपण रसिकांनी या झळाळीसमोर बसूनच करावा.

ही झळाळी जवारीची. कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत तानपुऱ्याची घोडी घासून-घासून, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवून कारागीर तारेला बोलकी करतो, ते आपल्याकडे अनेकांनी पाहिलेलं असेल. तार घोडीला निसटते स्पर्श करत राहते आणि मूळ स्वराच्या वर उपस्वरांची दाट रांग उभी राहते. जितकं वर जावं तितका तिचा पोत तलम. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर ही रांग आकड्यांच्या रूपात टिपलेली असते: सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीचं माप घ्यायचं, प्रत्येक माप 16 बिटांत लिहायचं, डाव्या-उजव्या बाजूंचं वेगवेगळं. या हिशेबात 22,000 हर्ट्झपर्यंतची कंपनं सुखरूप मावतात आणि माणसाचा कान, तोही तरुण आणि निरोगी असला तर, 20,000 च्या आसपास थांबतो. जवारीचं सारं ऐश्वर्य त्या चकतीत बसतं, वर थोडी जागा उरते.

इतकं सगळं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे 14 लाख 11 हजार बिटं लागतात. एमपी3 आणि तिच्या भावंडांनी यावर जी युक्ती काढली ती मला, तिच्यावर रुसूनसुद्धा, विलक्षण बुद्धिमान वाटते. मोठ्या स्वराशेजारी त्याच वेळी वाजणारा बारीक स्वर कानाला कळत नाही. मग तो पूर्ण तपशिलाने लिहायचाच कशाला? अशी काटछाट करत 128 किलोबिटांची फाइल मूळच्या अकराव्या हिश्श्यात येते. ढोलताशाच्या किंवा भरगच्च वाद्यवृंदाच्या गदारोळात ही काटकसर खपून जाते. पण भूपात लपायला जागाच नाही. पाच स्वर, मध्यम-निषाद वर्ज्य, मधल्या मोकळ्या अवकाशात फक्त तानपुरे. तिथे वरच्या उपस्वरांची ती तलम रांग पाण्याखालून ऐकावी तशी डुचमळू लागते. तबल्याच्या चाटेवरचा कोरडा, टणक ‘ना’ ऐका: काटछाट जास्त झाली असेल तर बोट पडण्याच्या क्षणभर आधीच एक पुसट भुरका उठतो आणि आघाताची धार बोथटते. विलंबित लयीत मात्रा-मात्रेला बिलगून चालणाऱ्या जयपूर-अत्रौली गायकीत त्या धारेचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून सीडीचा जयजयकार करावा का? इथे थोडं सबुरीनं घेऊ. हल्ली स्ट्रीमिंगवरही हानीविरहित फाइल मिळते. ती उलगडली की चकतीवरचेच आकडे, बिटाला बिट जुळून, परत हाती येतात. सीडीत ‘ऊब’ असते असं सांगणाऱ्या स्नेह्यांशी मी वाद घालत नाही, पण ती ऊब आकड्यांत नाही, ती चकती काढून, पुसून, मग निवांत बसण्याच्या सवयीत असावी. 320 किलोबिटांची नीट बनवलेली फाइलही बहुतेक कानांना चकवते. दोन्हींची तुलना करताना आवाजाची पातळी मात्र काटेकोर सारखी ठेवावी, कारण जरा मोठ्याने वाजलेलं आपल्याला नेहमीच अधिक गोड वाटतं. आणि हानीविरहित फाइल साध्या ब्लूटूथ हेडफोनवर ऐकली, तर वाटेत तिची पुन्हा काटछाट होते.

चकतीची एक गोष्ट मात्र मला फार लोभस वाटते. तिच्यावर ओरखडा पडला, अगदी मार्गाच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंत मजकूर नाहीसा झाला, तरी इतरत्र विखरून ठेवलेल्या जादा आकड्यांवरून यंत्र तो जशाच्या तसा गणिताने परत मांडतं. गेलेली श्रुती तीच, तेवढीच परत येते.

कोल्हापुरात बसून या सगळ्याचा विचार करताना एक पोकळी जाणवत राहते. ज्यांच्या गायकीतून मोगूबाई कुर्डीकर घडल्या आणि मोगूबाईंकडून त्यांच्या कन्या किशोरीताई, ते उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी 1895 पासून या गावात गायले. 1883 पासूनच्या देवल क्लबाचं हे गाव. पण खाँसाहेबांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. ना तबकडी, ना फीत; बिटांचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मुद्रणाला नाखूश असत, तरी त्यांच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या आपल्याला मिळाल्या, आणि त्यांची भैरवी तर 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली.

या जुन्या तबकड्या ऐकताना खरा फरक पडतो तो चकती की फाइल यामुळे नव्हे, तर तबकडीचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या माणसाच्या हातामुळे. खरखर आणि जवारी यांची वस्ती वरच्या कंपनांत, अगदी शेजारी-शेजारी. स्वच्छतेच्या हौसेपायी खरखर पुरती उपसली की तिच्यासोबत तानपुराही जातो, आणि केसरबाईंचा तो रुंद, खणखणीत आकार कापसात गुंडाळल्यासारखा होतो. एकाच बंदिशीच्या दोन प्रती समोर असतील तर मी खरखरीची निवडतो, मग ती चकतीवर असो की मोबाइलवर. दोन-चार आवर्तनांत कान त्या खरखरीला सरावतो आणि तिच्या आडून, अगदी बारीक का होईना, तार बोलताना ऐकू येते.