क्लाउडस्टॅक एजंटची प्रारंभ-स्क्रिप्ट : एक पाठचिकित्सा

हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारास हे परिचित आहे की, नकलकाराने गाळलेला शब्द निरर्थक असतोच असे नाही. पुष्कळदा त्याचे प्रयोजन नकलकारास कळलेले नसते. संगणकावरील सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टकडे या दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही. तथापि अनेक हातांनी, अनेक वर्षे उतरविली जाणारी तीही एक संहिताच होय, आणि तिच्यातही पाठ गळतात.

क्लाउडस्टॅक ही प्रणाली २०११ मध्ये सिट्रिक्सकडे व २०१२ मध्ये अपाचे प्रतिष्ठानकडे गेली. तिच्यातील जावा भाषेत लिहिलेला एजंट प्रत्येक केव्हीएम यंत्रावर चालतो आणि व्यवस्थापक सर्व्हरच्या आज्ञेनुसार आभासी यंत्रे सुरू वा बंद करतो. तो सुरू झाला नाही, तर ते यंत्र व्यवस्थापकाच्या लेखी नाहीसेच होते. म्हणून त्याच्या प्रारंभ-स्क्रिप्टचा प्रश्न केवळ सोयीचा नाही.

डेबियन पद्धतीच्या पॅकेजमधील जुनी स्क्रिप्ट प्रथमदर्शनी ओबडधोबड वाटते. जावा कोठे आहे हे शोधण्यासाठी ती डिरेक्टरींची एक यादीच चाळते. जावाच्या सहाव्या आवृत्तीची नावे, सन व ओपनजेडीके हे दोन संप्रदाय, निरनिराळ्या प्रोसेसरांचे भेद असे थर त्या यादीत साचलेले दिसतात. पुढे यंत्राच्या नावावरून आयपी पत्ता मिळतो की नाही हे ती तपासते. न मिळाल्यास कारण सांगून थांबते. त्यानंतरचा खंड सर्वांत अर्थपूर्ण आहे. नेटवर्कचा ब्रिज तयार होईपर्यंत स्क्रिप्ट काही सेकंद वाट पाहते. पण लिबव्हर्ट स्वतःच एक ब्रिज निर्माण करीत असल्याने तेवढ्यावर न थांबता दुसरा, प्रशासकाने केलेला ब्रिज दिसावा अशी अट घालते. ही अट ती आज्ञेच्या उत्तरातील ओळी मोजून पडताळते! रीत गावठी खरी, परंतु तिच्यामागे कोणाचा तरी अनुभव उभा आहे, आणि टिप्पणीत तो नोंदविलेलाही आहे.

२०१४–१५ च्या सुमारास सेंटओएस, डेबियन व उबंटू यांनी सिस्टमडी स्वीकारल्यावर या स्क्रिप्टची जागा काही ओळींच्या युनिट-फाइलने घेतली. नवा पाठ निःसंशय स्वच्छ आहे. पीआयडीची फाइल शिळी होऊन मेलेला एजंट जिवंत भासण्याचा दोष त्यात उरला नाही. जेएसव्हीसी या मध्यस्थाचीही गरज संपली. लिबव्हर्टवरील अवलंबन तर आता उघड शब्दांत लिहिलेले आहे. परंतु नाव तपासणारी अट आणि ब्रिजची वाट पाहणारा खंड नव्या पाठात उतरलेला नाही.

जार-फाइलींच्या बाबतीतील बदल अधिक सूक्ष्म आहे. जुनी स्क्रिप्ट फाइलींची नावे क्रमाने लावून क्लासपाथ रचीत असे. एकच क्लास दोन जारांत आला, तर कोणता उचलला जाईल हे वर्णक्रमावर ठरे. निकष यादृच्छिक असला तरी निर्णय निश्चित होता. नव्या फाइलीत केवळ तारकाचिन्ह आहे. ते उलगडण्याचे काम जावा करते, आणि कोणत्या क्रमाने करील याची हमी जावाचे अधिकृत दस्तऐवज देत नाहीत. पॅकेज बांधणाराने एकाच ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्या आत राहू दिल्या, तर दोन यंत्रांवर दोन वर्तने संभवतात. दोष पॅकेजचा असेल, पण तो झाकणारा पडदा मात्र प्रारंभाच्या फाइलीतून निघून गेला आहे.

पुनःप्रारंभाचा नियमही याच दृष्टीने वाचावा लागतो. एजंट कोणत्याही कारणाने पडला, तरी दहा सेकंदांनी तो पुन्हा उठवावा, असे युनिट सांगते. दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाल्यास थांबावे ही सिस्टमडीची मूळ मर्यादा आहे. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने ती कधीच गाठली जात नाही. परिणामी, जी चूक जुन्या स्क्रिप्टने एका वाक्यात सांगून दार बंद केले असते, तीच आता लॉगमध्ये तासन्‌तास पुनरावृत्त होऊ शकते. त्यातच युनिटचा प्रकार साधा असल्याने प्रक्रिया जन्मास येताच सेवा ‘सक्रिय’ ठरते. व्यवस्थापकाशी ८२५० या पोर्टवर तिचा संबंध जुळला की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही.

जुन्या स्क्रिप्टकडे परतावे असे यातून निष्पन्न होत नाही. एजंटपूर्वी चालणाऱ्या छोट्या आज्ञेची सोय सिस्टमडीत आहेच. गळलेल्या दोन्ही अटी तेथे, मूळ टिप्पणीसह, चार-दोन ओळींत बसू शकतात. जारांची पुनरुक्ती मात्र प्रारंभाच्या वेळी नव्हे, पॅकेज बांधतानाच पकडली पाहिजे.