एका शर्यतीचे दोन हिशोब

‘पेट’नंतरच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या महिन्यात त्याचा आराखडा मला वाचायला दिला. विषय होता ‘मोटरस्पोर्टच्या वाढीवर प्रायोजकत्व आणि सरकारी निधीचा परिणाम’. माझं काम पदार्थविज्ञानातलं, पण रविवारी मी फॉर्म्युला वन बघतो हे त्याला माहीत होतं. आराखड्यात एक आलेख होता. आडव्या अक्षावर पैसा, उभ्या अक्षावर वाढ, आणि छान वर चढत गेलेली रेषा. मी विचारलं, ‘वाढ म्हणजे कशाची?’ तो म्हणाला, ‘ओव्हरऑल.’

हा ‘ओव्हरऑल’ तुमच्याही आराखड्यात कुठेतरी लपला असेल, म्हणून हे लिहितोय.

मी त्याला मेलबर्नचं उदाहरण दिलं. ऑस्ट्रेलियन ग्रां प्री १९९६ पासून तिथल्या अल्बर्ट पार्कमध्ये होते. ही सार्वजनिक बाग आहे. दरवर्षी शर्यतीसाठी कठडे आणि प्रेक्षकांचे मंच उभे करायचे, नंतर काढायचे, आणि तुटीचा भार व्हिक्टोरिया राज्याच्या तिजोरीवर. २००७ मध्ये त्या राज्याच्या महालेखापरीक्षकांनी मोठ्या कार्यक्रमांवरच्या सरकारी गुंतवणुकीचा अहवाल काढला. त्यात २००५ च्या शर्यतीचा हिशोब दोन पद्धतींनी केलेला आहे. समतोल प्रारूपाने पाहिलं तर राज्याच्या उत्पन्नात ६.२४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भर. खर्च-लाभ विश्लेषणाने पाहिलं तर ६७ लाख डॉलरचा निव्वळ तोटा. शर्यत तीच, वर्ष तेच, आणि दोन्ही आकडे एकाच अहवालात!

यात कोणी खोटं बोलत नाहीये, आणि नेमकी हीच गोष्ट समजून घ्यायची आहे. एक मिसळीचं दुकान डोळ्यासमोर आणा. रविवारचा गल्ला म्हणजे नफा नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. गल्ल्यातून मटकी, पाव, फरसाण, गॅस वजा करा. उरेल ती ‘भर’. राज्याचं उत्पन्न मोजताना साधारण हीच भर मोजतात. पण पोऱ्यांची मजुरी अजून त्यातच आहे. मालकाचा आणि त्याच्या बायकोचा अख्खा रविवार गेला, त्याचीही किंमत अजून लावलेली नाही. तो वेळ आणि तो पैसा दुसरीकडे लागला असता तर काय मिळालं असतं, हा प्रश्न खर्च-लाभ विश्लेषण विचारतं. बाग बंद राहिली, कानठळ्या बसल्या, हेही त्यात धरावं लागतं. उलट स्थानिक प्रेक्षकाला तिकिटाच्या किमतीपेक्षा जास्त आनंद झाला असेल, तर तो फायद्याच्या बाजूला जातो. म्हणजे पहिली पद्धत राज्याचं उत्पन्न किती वाढलं ते सांगते, दुसरी लोकांचं भलं किती झालं ते. आयोजक कुठला आकडा पत्रकार परिषदेत सांगतील, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही.

या अहवालाचं मला कौतुक आहे, कारण दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवायला धाडस लागतं. पण तुमच्या विषयासाठी तो अपुरा आहे. मोटरस्पोर्ट हा खेळ वाढला का, किती नवे चालक, मेकॅनिक, क्लब तयार झाले, हा त्याचा प्रश्नच नव्हता. कार्यक्रमाचा हिशोब आणि खेळाची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्युनिअरच्या उभ्या अक्षावर त्या दोन्ही एकावर एक बसल्या होत्या.

आता आपल्याकडे या. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट जेपी समूहाने उभारलं. तिथे २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या, आणि खेळ आटोपला. हा खेळ की करमणूक, यावरून करांचे वाद न्यायालयात गेले. २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी आली, पुढच्या वर्षी आली नाही. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई झाली. राज्यात सरकार बदललं आणि २०२४ ची शर्यत रद्द. चेन्नईत ऑगस्ट २०२४ च्या शेवटी रस्त्यावर रात्रीची फॉर्म्युला फोर झाली. तिच्यावर राज्याचे ४२ कोटी रुपये लागले, आणि ते आयोजकांनी परत करावेत की नाही हा प्रश्नही कोर्टात गेला. या तिन्ही ठिकाणी पैसा आला. ज्युनिअरच्या आलेखात ते तीन ठिपके वरच्या उजव्या कोपऱ्यात असते.

पण नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरचा. तो २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला, म्हणजे नोएडाच्या ट्रॅकच्या सहा वर्षं आधी. त्याच्यामागे होता मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब (स्थापना १९५३), शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यती, इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, आणि एमआरएफ, जेके यांच्यासारख्या टायर कंपन्यांचा वर्षानुवर्षं येणारा पैसा. आणि ट्रॅक झाल्यावर? २०१२ नंतर एकाही भारतीयाला फॉर्म्युला वनमध्ये कायमची जागा मिळालेली नाही.

इथे ‘बघा, सरकारी पैसा वाया जातो’ असं लिहायचा मोह होतो. आवरा. मी एक यशस्वी माणूस उचलला आणि मागे जाऊन त्याची कारणं शोधली. त्याच क्लबातून निघून कुठेच न पोचलेल्यांची यादी माझ्याकडे नाही. माझ्या प्रयोगशाळेत कंट्रोल नमुना न ठेवता मी असा निष्कर्ष काढला असता तर गाईडने वही परत फेकली असती.

प्रायोजकांच्या पैशाची गोम वेगळीच आहे. कंपनी पैसे टाकते म्हणून संघ वाढतो, की वाढणाऱ्या संघाकडे कंपनी जाते? फोर्स इंडिया संघ २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ चौथा आला आणि जुलै २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला. गुण मोजलेत तर वाढ, बँकेचा हिशोब मोजलात तर बुडीत. नुसत्या सहसंबंधाने हे सुटणार नाही. त्यासाठी पैसा बाहेरच्या, खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने बदललेला प्रसंग शोधावा लागतो.

असा एक प्रसंग आहे. १९६८ मध्ये लोटसने आपल्या गाड्या ‘गोल्ड लीफ’ सिगारेटच्या रंगात रंगवल्या, तेव्हापासून तंबाखूचा पैसा या खेळात पाण्यासारखा वाहिला. मग ३१ जुलै २००५ पासून युरोपीय संघाची प्रायोजकत्वबंदी लागू झाली. कारण सार्वजनिक आरोग्याचं, खेळाच्या तब्येतीचा त्यात संबंध नाही. कोणत्या संघाला तंबाखूचा पैसा होता, कोणाला नव्हता, आधी काय, नंतर काय, अशी तुलना मांडता येते. ज्युनिअर हे ऐकून खुर्चीतून उठलाच. त्याला परत बसवावं लागलं, कारण त्याच काळात टोयोटा, होंडा, बीएमडब्ल्यू स्वतःचे पैसे ओतत होत्या, २००८ ची मंदी आली, डिसेंबर २००८ मध्ये होंडा बाहेर पडली. आणि बंदीनंतरही फेरारीने मार्लबरोशी करार तोडला नाही, फक्त नाव दिसेनासं झालं. म्हणजे ‘बंदी लागू’ आणि ‘पैसा थांबला’ या दोन तारखा एक नाहीत. प्रत्येक संघाची खरी तारीख एकेक करून शोधावी लागेल, आणि ते काम कंटाळवाणं आहे.

परवा त्याचा नवा आराखडा आला. आलेख काढून टाकलाय. उभ्या अक्षाच्या जागी आता ‘दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा उतरलेले चालक’ असं आहे, आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलंय: ही यादी कोणाकडे मिळेल?