मृगयेची वाट आणि एकट्याचा संवाद

शिकारीविषयीचा मराठी शब्दसंग्रह चांगलाच समृद्ध आहे. हाका, हाकारे, मचाण, माग, सावज, दबा, पारध हे शब्द ज्याने बंदूक कधी हाती धरली नाही अशा वाचकासही परके वाटत नाहीत. परंतु शिकारीच्या रानापर्यंत जी दीर्घ वाट कापावी लागते, त्या वाटेचे आणि तीवरील एकटेपणाचे शब्द या संग्रहात जवळजवळ नाहीत. याचे कारण उघड आहे. आपल्याकडील शिकार ही मुळात समूहाची गोष्ट होती. शाहू छत्रपतींच्या काळात करवीर संस्थानात चित्त्यांकरवी शिकार होई, तेव्हा जनावरांबरोबर माणसांचाही मोठा लवाजमा निघे. आणि ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातील विदूषकाचे गाऱ्हाणे तर हेच आहे की, रान वेढावयास निघालेल्या पारध्यांच्या कोलाहलाने त्याची पहाटेची झोप मोडली. जेथे एवढी वर्दळ, तेथे वाटेवरील एकटेपणास शब्द कोठून मिळणार?

तथापि याच परंपरेत शिकारी अधूनमधून एकटा पडतो, आणि तो एकटा पडला की कथेस वळण लागते. हे वळण कोणत्या दिशेचे असते हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम दुष्यंत घेऊ. पहिल्या अंकाच्या आरंभी तो सैन्यास मागे टाकून हरणाचा पाठलाग करीत आहे. परंतु रथात सूत आहे. या प्रवेशाची वाखाणणी सामान्यतः पळत्या हरणाच्या वर्णनासाठी होते. प्रस्तुत लेखकास त्यानंतरचे वेगाचे वर्णन अधिक महत्त्वाचे वाटते. जे लहान दिसत होते ते एकाएकी मोठे होते, जे वाकडे ते सरळ भासते, आणि क्षणभरही काही दूर नाही वा जवळ नाही, असे राजा सांगतो. वेगाने धावणाऱ्या वाहनातील माणसाच्या दृष्टीला पडणारा हा भ्रम कालिदासाने इतक्या अचूकपणे टिपला आहे की, महामार्गावर मोटार चालविणाऱ्या कोणासही तो तत्काळ ओळखू यावा. परंतु लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, राजा हे सर्व स्वतःशी म्हणत नाही. तो सुताला सांगतो. आधी जमीन उंचसखल होती म्हणून लगाम आवरले होते, हे सूतही त्याला सांगतो. रथ संवादावर चालला आहे. म्हणूनच तपस्वी मध्ये येऊन ‘मारू नका’ असे म्हणतात तेव्हा ते शब्द राजाच्या कानी पडतात आणि बाण भात्यात परत जातो. पुढे आश्रमात एकट्याने शिरण्यापूर्वी तो अलंकार व धनुष्य सुताच्या स्वाधीन करतो, आणि घोड्यांच्या पाठी ओल्या करावयास सांगतो. वाहनाची ही काळजी टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटते.

याच कवीच्या ‘रघुवंशा’तील नवव्या सर्गात याच्या नेमके उलट घडते. दशरथ परिवारापासून तुटतो. एक रात्र तो रानात एकटाच घालवितो. शय्या पाना-फुलांची आणि दिवे तेजस्वी वनौषधींचे. सकाळी हत्तींच्या कानांची फडफड त्याला नगाऱ्यांच्या ठिकाणी ऐकू येते. ही रम्यता कवीने उगाच रचलेली नाही. राजवाड्यातील प्रत्येक गोष्टीस रानात पर्याय मिळतो, पण बोलणाऱ्या माणसास मिळत नाही. त्यानंतर एका हरणामागे, सोबत्यांच्या नकळत, तो तमसेच्या तीरी येतो. घडा भरण्याचा आवाज ऐकतो. त्याला हत्तीचा आवाज समजतो, आणि शब्दवेधी बाण सोडतो. हत्तीवर बाण टाकणे राजास निषिद्ध होते, हे कवी स्पष्ट बजावतो. दशरथ दमलेला नव्हता, रात्रीची झोपही झालेली होती. रजोगुणाने डोळे झाकले की जाणत्याचेही पाऊल आडवाटेस पडते, असे कालिदासाचे निदान आहे. निदान मान्य करूनही एवढे म्हणावयास हवे की, शेजारी कोणी असता तर ‘हत्तीच आहे ना?’ हा एक प्रश्न उच्चारला गेला असता. येथे ऐकणे आहे, पण विचारणे नाही. मानवी वाणी ऐकू येते ती बाण लागल्यानंतर. महाभारतातील पांडू व किंदम यांच्या कथेतही हाच क्रम आहे: आधी बाण, मग शब्द.

‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायातील व्याध हे तिसरे उदाहरण. श्रीधराचा हा ग्रंथ १७१८ सालचा. वसई तालुक्यातील तुंगारेश्वराच्या डोंगरावर महाशिवरात्रीस लोटणाऱ्या गर्दीत ही कथा ठाऊक नसलेला मनुष्य विरळा. (ते रान २००३ पासून अभयारण्य आहे, व्याधास तेथे आता मज्जाव.) व्याध एकटा आहे, उपाशी आहे, आणि त्याला रात्रभर जागावयाचे आहे. वाटेत देवळापाशी ऐकलेले नाम तो प्रथम थट्टेने उच्चारतो. नेमात आड येणारी बेलाची पाने हाताने खुडीत राहतो. पुराणिक यात अजाणता घडलेली पूजा पाहतात, ते योग्यच आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास येथे एकट्याने जागे राहण्याची दोन साधने दिसतात: हातास चाळा आणि जिभेस शब्द. यानंतर जे घडते ते अधिक मोलाचे. सावजच बोलू लागते. हरिणी मुदत मागते, व्याध उत्तर देतो, आणि प्रहरामागून प्रहर हा संवाद चालतो. येथे शब्द बाणाच्या आधी येतो, म्हणून बाण सुटतच नाही.

मराठी भाषेत या गरजेच्या खुणा आहेत. घरातून एकटाच निघणारा मनुष्यही ‘चला’ म्हणतो. समोर कोणी नसताना हे अनेकवचन कोणासाठी? ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते आणि ‘आपण’ त्यास सामावून घेते, हा भेद आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. पण ‘म्हटलं, आपण जरा थांबावं’ असे एकटा प्रवासी म्हणतो, तेव्हा सामावून घेतलेला तो दुसरा कोण? तोही तोच. ‘म्हटलं’ या क्रियापदाने स्वतःचाच विचार दुसऱ्याचे बोलणे असल्याप्रमाणे उद्धृत केला जातो. संस्कृत नाट्यशास्त्राने स्वगतापासून वेगळे काढलेले ‘आकाशभाषित’ याच्या जवळचे आहे. वायगोत्स्कीने १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले की, अडचण आली की मुलाचे स्वतःशी मोठ्याने बोलणे वाढते. मात्र ऐकणारे कोणी नाही असे वाटले की ते घटते. मोठ्या माणसास हे जसेच्या तसे लावता येणार नाही, हे खरे. परंतु एकट्याने बोलावयाचे तर आधी श्रोता कल्पावा लागतो, हे सूत्र आपल्या ‘चला’मध्ये स्पष्ट दिसते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर, परवान्याचे मोजके अपवाद वगळता, शिकार संपली. वाट मात्र संपली नाही. वसई-विरारहून ताडोबास कॅमेरा घेऊन जाणारा हौशी छायाचित्रकार ८०० किलोमीटरांहून अधिक अंतर पुष्कळदा एकटाच कापतो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून त्यातील बराच भाग सरळ, एकसुरी रस्त्याचा आहे. डुलकीवर मोठ्याने लावलेली गाणी किंवा उघडी खिडकी यांचा उपाय फार काळ चालत नाही. थांबून थोडी झोप घेणे हाच खरा इलाज. परंतु थांबावयास सांगणार कोण? मोबाईलमधील वाट दाखविणारा आवाज हा आजचा सूत आहे खरा; तो वळण सांगतो, उरलेले अंतर सांगतो. दुष्यंताने वेगाचे वर्णन ज्याच्यापाशी केले तो सूत ऐकतही होता. या आवाजापाशी तसे काही बोलता येत नाही, आणि चालविणाऱ्याची मान कलती झाली तरी तो पुढचे वळणच सांगत राहतो. अशा प्रवासांची वर्णने आता मराठीत लिहिली जात आहेत. त्यांत वाघ दिसल्याचा क्षण सविस्तर असतो आणि आदल्या रात्रीचा रस्ता एका वाक्यात उरकलेला असतो. तो रस्ता लिहावयाचा तर लेखकास ‘मी’ सोडून ‘आपण’कडे, ‘म्हटलं’कडे वळावे लागेल, पहाटे तीनला जालन्याच्या पुढे आपण स्वतःशी काय बोललो, हे त्याला आठवावे लागेल.