अंगठीवाचून अभिज्ञान

विस्मरण हा भारतीय साहित्याला अपरिचित विषय नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात दुष्यंत शकुंतलेला विसरलेला नसतो. त्याला सारे आठवत असते आणि तरीही तो तिची ओळख नाकारतो. कालिदासाने या कथेत दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणली, आणि नायकाचा अपराध विस्मृतीच्या पदराआड झाकला. यामुळे नाटकातील विस्मरणाला एक कारण मिळाले, एक मर्यादा मिळाली आणि उतारही मिळाला. धीवराला माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि हरवलेली ओळख एका क्षणात परत येते. ज्याचा जोडीदार स्मृतिभ्रंशाने ग्रासला आहे, त्याच्या मनातील आशेची घडणही नेमकी अशीच असते. शाप उतरेल, अंगठी कोठेतरी असेलच, असे त्याला वाटत राहते. आजच्या काळात ही अंगठी बहुधा प्रायोगिक औषधाच्या रूपाने समोर येते. या आशेचे चित्रण साहित्याने कसे केले आहे, आणि ते करताना शुश्रूषा करणारा व शुश्रूषा घेणारा या दोघांना न्याय दिला आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम औषधचाचणीची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यात साहित्यसमीक्षेच्याही कामी येईल असे एक तत्त्व दडलेले आहे. अशा चाचणीत काही रुग्णांना खरे औषध मिळते, तर काहींना त्याच रूपाचे परंतु औषधी गुण नसलेले द्रव्य. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नसते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. स्मृतिभ्रंशाच्या चाचण्यांत आणखी एक व्यक्ती सहभागी असावी लागते: रुग्णाच्या नित्य सहवासात राहणारी आणि त्याच्याविषयी साक्ष देणारी. पुष्कळदा ती व्यक्ती म्हणजे पती किंवा पत्नी. गेल्या काही दिवसांत यांना काय आठवले, पैशांचा व्यवहार जमला का, कपडे आपले आपण घातले का, अशा प्रश्नांची तिने दिलेली उत्तरे गुणांत रूपांतरित होतात. लेकॅनेमॅब या औषधाची चाचणी १,७९५ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. अठरा गुणांच्या मापनश्रेणीवर, अठरा महिन्यांच्या अंती, औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांतील फरक होता ०.४५ गुणांचा. सुमारे १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूला औषधामुळे सूज आल्याचे चित्रणात दिसले. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. दोन्ही गटांतील रुग्ण त्या काळात खालावतच गेले होते. औषधाने उतरणीचा वेग काहीसा कमी केला इतकेच. माशाच्या पोटातून निघालेली अंगठी अशी आहे: पूर्ण ओळख परत आणणारी नव्हे, निरोपाचा क्षण थोडा लांबवणारी.

या रचनेत शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराची स्थिती मोठी विलक्षण होते. तो साक्षीदार असतो आणि त्याच वेळी निकालाशी ज्याचे सर्वस्व बांधलेले आहे असा पक्षकारही असतो. पत्नीने सकाळी चहाचा कप जागच्या जागी ठेवला, तर तो औषधाचा गुण की निव्वळ योगायोग? तो प्रत्येक हालचालीचे वाचन करू लागतो. शास्त्राने त्याच्या या वाचनावर भरवसा ठेवलेला नाही, म्हणूनच खरे औषध कोणते हे त्यालाही कळू दिलेले नाही. निरीक्षकाची इच्छा निरीक्षणात मिसळू नये यासाठी केलेली ही तजवीज आहे. साहित्यात अशी तजवीज बाहेरून करता येत नाही. विस्मरण झालेल्या जोडीदाराविषयी लिहिणारा लेखक आठवणींचा एकमेव मालक बनतो आणि त्याचे म्हणणे खोडून काढू शकणारी एकमेव व्यक्ती गप्प झालेली असते. म्हणून तो संयम त्याला कृतीच्या घडणीतच निर्माण करावा लागतो. या विषयावरील साहित्यकृती याच कसोटीवर पारखून घ्यावयास हवी.

जॉन बेली यांचे ‘आयरिस’ (१९९८) हे पुस्तक येथे प्रथम डोळ्यांपुढे येते. आयरिस मर्डॉक या तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार. १९७८ साली ‘द सी, द सी’ या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. त्यांचे पती बेली हे ऑक्सफर्ड येथे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. १९९७ साली मर्डॉक यांना अल्झायमर झाल्याचे जाहीर झाले आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा त्या हयात होत्या, परंतु ते वाचून होकार वा नकार देण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती. बेलींच्या लेखनात आर्जव आहे, विनोद आहे; स्वतःच्या चिडण्याची कबुलीही आहे. लहान मुलांसाठी असलेला दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पतिपत्नी मिळून पाहतात, हा प्रसंग हृदयस्पर्शी आहे. तरीही वाचकाला अस्वस्थ करणारा एक प्रश्न उरतो. औषध देण्यापूर्वी रुग्णाची, आणि तो असमर्थ असल्यास त्याच्या वतीने दुसऱ्याची, संमती घ्यावी लागते. मग लिहिण्यासाठी कोणाची घ्यावयाची? मर्डॉक यांनी आपल्या तत्त्वचिंतनात असा विचार मांडला होता की, स्वतःच्या कल्पनाजालातून बाहेर पडून समोरच्या व्यक्तीला ती आहे तशी पाहणे, हेच प्रेमाचे आणि नीतीचे मूळ आहे. बेली त्यांना प्रेमाने पाहतात, परंतु पुष्कळदा त्या पाहण्यातून पत्नीपेक्षा पाहणाराच अधिक स्पष्ट होत जातो. पुस्तकाचा जिव्हाळा आणि त्याचे वैगुण्य या दोहोंचा उगम एकच आहे.

लिसा जिनोव्हा या मज्जाशास्त्राच्या अभ्यासक लेखिकेची ‘स्टिल ॲलिस’ (२००७) ही कादंबरी अगदी उलट दिशेने जाते. येथे दृष्टिकोन रुग्णाचा आहे. हार्वर्ड विद्यापीठात भाषेच्या मानसशास्त्राची प्राध्यापक असलेली ॲलिस हॉवलँड पन्नाशीतच या आजाराने ग्रासली जाते. तिचा पती जॉन जीवशास्त्रज्ञ आहे आणि शास्त्रज्ञाच्या स्वभावधर्मानुसार तो उपायाकडे धाव घेतो. ॲलिस प्रायोगिक औषधाच्या चाचणीत दाखल होते. निवेदन ॲलिसच्या जाणिवेला बिलगून असल्यामुळे जॉन आपल्याला तिच्या क्षीण होत जाणाऱ्या नजरेतूनच दिसतो. ती त्याच्याकडे एक वर्ष मागते, सोबतीचे. तो न्यूयॉर्कमधील नव्या पदाचा विचार करीत असतो. तिला काळ हवा आहे आणि त्याला इलाज, हा या कादंबरीतील खरा पेच होय. उपसंहारात ते औषध निष्फळ ठरल्याची वार्ता जॉन वृत्तपत्रात वाचतो. लेखिकेने अंगठी सापडू दिलेली नाही, ही तिच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. मात्र जॉनवर तिने पुरता न्याय केला आहे, असे म्हणता येत नाही. औषधाच्या मागे धावणे हेही दुःख सोसण्याचे एक रूप असू शकते. बसून राहण्यापेक्षा धावणे काहींना सोपे जाते. कादंबरीला हे ठाऊक आहे, पण ती त्या अंतरंगात शिरत नाही. परिणामी जॉनचे पात्र पुष्कळदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटते.

या दोहोंना जे साधले नाही ते ॲलिस मन्रो यांनी ‘द बेअर केम ओव्हर द माउंटन’ (१९९९) या कथेत साधले आहे. फिओना शुश्रूषागृहात जाते आणि अल्पावधीतच तिचा पती ग्रँट तिच्या लेखी एक सभ्य परका माणूस होतो. ऑब्री नावाच्या दुसऱ्या रुग्णाशी तिचा जीव जडतो. ग्रँटने पूर्वायुष्यात पत्नीशी प्रतारणा केलेली आहे. म्हणजे हे शाकुंतलाचे उलटे रूप झाले: अपराध आठवणाऱ्याचा आहे आणि विसरली आहे ती जिच्यावर अन्याय झाला तीच. निवेदन ग्रँटच्या शेजारून चालते, पण त्याच्या प्रत्येक हेतूवर शंकेची बारीक रेघ ओढत चालते. पत्नीच्या सुखासाठी तो ऑब्रीला परत आणण्याची खटपट करतो; हे प्रेम आहे, प्रायश्चित्त आहे की जुन्याच चातुर्याचा नवा डाव, याचा निर्णय कथा देत नाही. शास्त्राने निरीक्षकाच्या डोळ्यांवर जी पट्टी बांधली, तिचे कलात्मक प्रतिरूप ते हेच. शेवटी फिओना क्षणभर ग्रँटला ओळखते, परंतु ती ओळख कोणत्याही अंगठीने आणलेली नाही आणि ती टिकेल असे आश्वासनही नाही.

मराठीत या संदर्भात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) या चित्रपटाचा निर्देश करणे युक्त ठरेल, जरी तेथे पतिपत्नी नसून बाप आणि लेक आहेत. संस्कृतचे निवृत्त विद्वान चक्रपाणी शास्त्री एका हत्तीच्या मागे चालत हरवतात आणि माहुताच्या बायकोच्या पदरी येतात. ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला हे साधते, कारण हा माणूस पूर्वी कोण होता हे तिला माहीतच नाही. ती त्याच्याकडे ओळखीची मागणी करीत नाही. मुलीला मात्र वडील परत हवे आहेत. पतीला किंवा पत्नीला तर माहुताच्या बायकोची ही मोकळीक कधीच मिळत नाही. जोडीदाराच्या शुश्रूषेत आठवणींचा भार एकालाच दोघांचा वाहावा लागतो, आणि तरीही समोरच्याला रोज नव्याने भेटावे लागते.

यातून एक निष्कर्ष निघतो. प्रायोगिक औषधाची आशा बाळगणे हा दोष नव्हे. ज्यांनी आपल्या माणसाला चाचणीत दाखल केले त्यांच्या साक्षींवरच शास्त्राची ०.४५ गुणांची वाटचाल उभी आहे. परंतु त्या श्रेणीवर न उमटणारे जे काही उरते, ते सांभाळणे साहित्याचे काम आहे. आपल्या भाषेने या कामासाठी जो शब्द दिला आहे त्याचा मूळ अर्थ येथे पुन्हा उजळून घ्यावासा वाटतो. ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. सेवा हा त्याचा पुढे विस्तारलेला अर्थ. बोलणारा स्वतःचेच वाक्य हरवून बसला असतानाही ऐकण्याची इच्छा शाबूत ठेवणे, ही शुश्रूषा करणाऱ्याची कसोटी आहे, आणि त्याच्याविषयी लिहिणाऱ्याचीही. मन्रोंची कथा त्या कसोटीला उतरते. बेलींचे पुस्तक प्रेमाच्या भरात तिच्यापासून ढळते, तर जिनोव्हांची कादंबरी एकाचे ऐकताना दुसऱ्याकडे कान देण्याचे विसरते. मराठीत पतिपत्नींच्या अशा वृद्धपणाची कादंबरी लिहिली जाईल, तेव्हा तिने शापाचा उतार शोधला नाही तरी चालेल. तिने दोघांचेही ऐकावे.