‘रुपयाचा प्रश्न’ आणि रिझर्व्ह बँक
डॉ. आंबेडकरांचा रुपयाविषयीचा प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. रिझर्व्ह बँकेचे बीज त्यात आहे, असे वारंवार म्हटले जाते. मूळ ग्रंथ वाचणाऱ्यास ते पटणे कठीण. सुवर्ण-विनिमय पद्धतीत चलनाचे प्रमाण सरकारच्या मर्जीवर राहते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. म्हणून चलननिर्मितीस त्यांनी निश्चित मर्यादा मागितली. १९३४ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बँकेकडे सोपविला, मात्र नोटांमागे किमान दोन-पंचमांश सोने व स्टर्लिंग रोखे ठेवण्याचे बंधन घातले. १९५६-५७ च्या दुरुस्त्यांनी त्या जागी केवळ २०० कोटी रुपयांचा किमान साठा आणला. नोटा कितीही वाढल्या तरी हा आकडा वाढत नाही. जनकत्वाचा गौरव करणारे लेखक ग्रंथातील चलनचालकांविषयीच्या अविश्वासाकडे डोळेझाक करतात, आणि प्रबंधाची धारच बोथट करून ठेवतात.