हळदीतील जनुक-अभिव्यक्ती आणि कर्क्युमिनचे प्रमाण : एक चिकित्सा

कनेरगाव नाका ज्या हिंगोली जिल्ह्यात वसले आहे, तो जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. कर्क्युमिनचे प्रमाण हा हळदीच्या दर्जाचा एक महत्त्वाचा निकष होय. 2009 मध्ये जपानमधील कात्सुयामा, होरिनोउची आदी संशोधकांनी डायकेटाइड-कोए सिंथेस व कर्क्युमिन सिंथेस ही कर्क्युमिन घडविणारी विकरे स्पष्ट केली. मात्र त्यावरून ‘जनुकाची अभिव्यक्ती जास्त, तेथे कर्क्युमिनही जास्त’ असे समीकरण मांडणे घाईचे ठरते. संदेशवाही आरएनए, प्रथिन, विकराची क्रियाशीलता आणि चयापचयज या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. फेरुलॉइल-कोए व मॅलोनिल-कोए ही पूर्वद्रव्ये पेशीत अपुरी असल्यास विकर मुबलक असूनही कर्क्युमिन मर्यादितच राहते. शिवाय अभिव्यक्ती ही त्या वेळेची नोंद असते, तर कर्क्युमिन हा कंदात अनेक महिने होत गेलेला साठा असतो. हा संबंध एकतर्फीही नाही. दुग्धशर्करेच्या उपस्थितीत जिवाणूची संबंधित जनुके कार्यान्वित होतात, याचे स्पष्टीकरण जेकब व मोनो यांनी 1961 मध्येच दिले होते. सारांश, वाणाची निवड करताना जनुकीय चाचणीबरोबरच कंदातील कर्क्युमिनचे प्रत्यक्ष मापन होणे आवश्यक आहे. अन्यथा चुकीच्या बेण्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच सोसावा लागेल.